संगीत नाटकांच्या पदांच्या वह्या कशा जपाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नाटक मंडळ्यांतल्या पदांच्या वह्या, नटांच्या नकला (आपल्या भूमिकेपुरत्या उतरवून घेतलेल्या प्रती), पेटीवाल्यांचे म्हणजे हार्मोनियम वाजवणाऱ्यांचे सुटे कागद आणि छापील पदावल्या आजही कितीतरी घरांत पडून आहेत. पुण्या-मुंबईत आहेत, सांगली-कोल्हापुरात आहेत, बेळगाव-धारवाडकडे, गोव्यात, इंदूर-बडोद्यातही आहेत, कारण मंडळ्यांची बिऱ्हाडं या सगळ्या गावांतून फिरली. घर विकायला निघालं किंवा आजोबा गेले की या वह्या माळ्यावरून खाली येतात आणि प्रश्न सुरू होतात. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे देतो आहोत.

आपलं संगीत तर तोंडी शिकवलं जायचं. मग संगीत नाटकाची स्वरलिपी, म्हणजे नोटेशन, असते तरी का?

असते, पण पाश्चात्त्य ऑपेराच्या कागदासारखी नसते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगमंचावर आले. त्या काळच्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ एवढंच दिलेलं असे. चाल म्हणजे एखाद्या प्रसिद्ध पदाची किंवा चिजेची (रागातल्या बांधलेल्या गाण्याची) पहिली ओळ. ती ओळ वाचली की गाणाऱ्याला पुढचं सगळं आपोआप कळत असे. आज त्यातल्या कितीतरी मूळ चिजा कुणाला येत नाहीत, आणि चालीची ओळ तेवढी पुस्तकात उरली आहे.

स्वर लिहायची सवय पुढे वाढली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आपली लेखनपद्धत शिकवायला घेतली. पंडित भातखंड्यांची पद्धत त्यांच्या क्रमिक पुस्तकांमधून घरोघरी गेली. मंडळ्यांतल्या शिकलेल्या पेटीवाल्यांनी आणि तालीम मास्तरांनी यातलं जे जमेल ते उचललं. म्हणून एकाच ट्रंकेत निरनिराळ्या जातीचे कागद निघतात. छापील पुस्तकावर पेन्सिलीने लिहिलेले स्वर असतात. नटाच्या नकलेत फक्त त्याचीच पदं असतात. पेटीवाल्याच्या वहीत मुखडा (पदाची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ) आणि मधली भरायची जागा, एवढंच असतं. क्वचित एखादी संपूर्ण सरगम लिहिलेली वही निघते. या सगळ्याला मिळून आम्ही ‘संग्रह’ म्हणतो, आणि त्यातला फक्त नीटनेटका भाग ठेवून बाकीचा टाकू नका असं कळकळीने सांगतो.

ट्रंक उघडली. आता पहिल्यांदा काय करू?

काहीही नीट लावू नका. आधी आहे तसाच फोटो काढा: ट्रंक उघडी, वह्या ज्या क्रमाने रचल्या आहेत त्या क्रमाने. मग एकेक थर उचलताना पुन्हा फोटो. वहीत खोचलेलं हँडबिल, बसचं तिकीट, धोब्याची यादी, पत्ता लिहिलेली चिठ्ठी, जे सापडेल ते त्याच पानापाशी राहू द्या आणि कुठल्या पानात होतं ते लिहून ठेवा. तारीख नसलेल्या वहीचा काळ ठरवायला अशा चिठ्ठीइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

दुसरं काम त्याच दिवशी करा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा: ही वही कुणाची, हस्ताक्षर कुणाचं, ते कुठल्या मंडळीत होते, काय वाजवायचे, ट्रंक घरात कशी आली. उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. कागद अजून काही वर्षं टिकेल, ही आठवण टिकेलच असं नाही.

हातमोज्यांची गरज नसते. स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात बरे, कारण सुती हातमोज्यांत बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि ठिसूळ पान कोपऱ्यावर तुटतं. जवळ चहा नको, पेन नको. लिहायचं ते पेन्सिलीने.

फाटलेली पानं सेलोटेपने चिकटवली तर? लॅमिनेट करून घेतलं तर कायमचं टिकेल ना?

दोन्ही करू नका. सेलोटेपचा चिकट थर काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो, आणि टेप गळून पडली तरी तपकिरी पट्टा तसाच राहतो. नेमका त्याच पट्ट्याखाली कोमल-तीव्राच्या (स्वर उतरलेला की चढलेला हे सांगणाऱ्या) खुणा असल्या तर त्या गेल्याच. लॅमिनेशन त्याहून वाईट. उष्णतेने प्लास्टिक कागदाला एकजीव होतं, पुन्हा सुटत नाही, आणि कागदातलं आम्ल आत कोंडलं जातं.

फाटलेलं पान सध्या दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवा. दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्या. ते पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. ही खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला जास्त चांगला उपाय सापडला तर त्याचा मार्ग मोकळा राहतो. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल मात्र सावकाश काढा. गंज ओढून काढला तर भोक पडतं, म्हणून टाचणीखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून तिची टोकं उलगडावीत.

डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला, वेखंड: यातलं काय ठेवू?

डांबरगोळ्या ठेवू नयेत. त्यांची वाफ माणसाला बाधते, आणि कसर लागलेल्या वहीतली अंडी त्यांनी मरत नाहीत. कडुनिंब आणि वेखंड पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलंय आणि त्याचा थोडा उपयोगही होतो. पण पाला किंवा पूड थेट पानांत घालू नका, डाग पडतात. कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा.

खरा उपाय कंटाळवाणा आहे: दर महिन्याला कपाट उघडून बघणे. चंदेरी कसरीला खळ आणि पुस्तकाच्या बांधणीतला डिंक आवडतो. तिच्या खाण्याने कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसतो. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून कपाटापर्यंत येताना दिसते. किडे जिवंत असतील तर वही पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 ते उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्यावी, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

वह्या कुठे ठेवाव्यात? आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

तापमानापेक्षा आर्द्रतेकडे लक्ष द्या. पुस्तकी मर्यादा 45 ते 55 टक्के आहे. कोकणात जुलैत ती कुणाला जमत नाही आणि त्यासाठी हाय खाऊ नये. 65 टक्क्यांच्या वर जास्त दिवस राहिलं की बुरशी धरते, तेवढं टाळायचं. एक साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवा म्हणजे अंदाजाने बोलावं लागणार नाही.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, चार बोटं जागा सोडा. सगळ्यांत खालचा कप्पा रिकामा ठेवा. माळा आणि गच्चीखालची खोली टाळा, कारण उन्हाळ्यात तिथे कागद भाजून निघतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांना लागून असलेली भिंतही टाळा. प्रत्येक वही आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत असावी हे उत्तम. ते मिळेपर्यंत मांजरपाट चांगलं. आपल्या पोथ्या बासनात बांधायची रीत होती ती उगाच नव्हती. मात्र नवं मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढून टाका, नाहीतर किड्यांना आपणच जेवायला बोलावल्यासारखं होतं. लाल कापड नको, ओल लागली की रंग सुटतो. प्लास्टिकच्या बंद पिशव्यांत वर्षानुवर्षं ठेवू नका.

पुराच्या पाण्यात वही भिजली. उन्हात वाळवू?

उन्हात नको, इस्त्रीही नको. भिजलेल्या कागदावर साधारण 48 तासांत बुरशी दिसू लागते, म्हणून घाई करा, पण उष्णतेने नाही. जास्त वह्या असतील तर पिशव्यांत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेला कागद खराब होत नाही, आणि एकेक बाहेर काढून सावकाश वाळवायला वेळ मिळतो. एकदोनच असतील तर पंख्याच्या वाऱ्यात, मध्ये टीपकागद घालून, तो वरचेवर बदलत वाळवा. चिकटलेली पानं ओढू नका.

जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर विशेष सांभाळा. ती कोरडी असताना साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळी फुटते, शेजारच्या पानावर छापली जाते.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं. त्या गावात विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला होता. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. ही गावं संगीत नाटकाच्या कागदांची माहेरघरं आहेत. एकाच इमारतीत एकच प्रत ठेवणं किती धोक्याचं आहे हे यावरून दिसतं.

वहीतल्या खुणा कुठल्या पद्धतीच्या आहेत हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण इथे चूक झाली तर सगळं पद चुकीचं वाचलं जातं आणि चूक लक्षातही येत नाही.

आधी बिंदू बघा. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार (वरचं) सप्तक आणि पायाशी बिंदू म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्राचा असतो आणि तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ असते. म्हणजे डोक्यावर बिंदू असलेला तोच ‘सा’ एका पद्धतीत वरचा, दुसरीत खालचा, मध्ये दोन सप्तकांचं अंतर. आणि भातखंड्यांच्या पद्धतीत मध्यमावरची उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम! पलुस्करी वहीतला तार मध्यम भातखंडे शिकलेल्या विद्यार्थ्याने वाचला तर शुद्ध मध्यमाचा राग तीव्र मध्यमाचा होऊन बसतो.

मग ताल बघा. भातखंडे पद्धतीत सम (तालाची पहिली मात्रा) फुलीने आणि ‘खाली’ (टाळी न देण्याची मात्रा) शून्याने दाखवतात. पलुस्कर पद्धतीत समेला 1 आकडा असतो आणि अधिकाचं चिन्ह ‘खाली’चं असतं. घाईघाईने काढलेली फुली आणि अधिक यांत फरक करायचा तर त्या पानावर 1 आणि 0 कुठे आहेत ते शोधा. कोमल स्वर भातखंडे पद्धतीत खालच्या आडव्या रेघेने दाखवतात, पलुस्करीत हलन्तासारख्या खुणेने. स्वरांखाली कमानी असतील तर त्या एका मात्रेत बसणारे स्वर जोडणाऱ्या भातखंडे कमानी. प्रत्येक स्वराखाली स्वतंत्र चिन्ह असेल तर वही बहुधा पलुस्करी वळणाची.

आणि तिसरी शक्यता नेहमी ध्यानात ठेवा. लिहिणाऱ्याने स्वतःची सरमिसळ केलेली असते. पेटीच्या जुन्या शिकवणी-पुस्तकांत तर स्वरांऐवजी पट्ट्यांचे आकडेही दिसतात. म्हणून वाचायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला पाठ असलेलं एक पद त्या वहीत शोधा, त्यावरून खुणांचा तक्ता तयार करा, आणि मग अनोळखी पदांकडे वळा.

‘किर्लोस्करी’ नाटकांतल्या साक्या-दिंड्यांचं नोटेशन कुठेच का मिळत नाही?

कारण त्या काळी त्या सगळ्यांना येत होत्या. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, आर्या या जुन्या पद्यप्रकारांच्या चाली घराघरांत म्हटल्या जात. लिहायची गरज भासायची ती भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवरा’त बांधलेल्या किंवा गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमाना’त दिलेल्या नव्या चालींची. मात्र कुठल्या नाटकात दिंडी कशी म्हणत, कुठे ठाय (संथ) आणि कुठे चढी (जलद) लय, कुठल्या ओळीला पेटी सोडून द्यायची, हे तपशील आज कागदावर नाहीत आणि म्हणणारी माणसं थकत चालली आहेत. आमच्या मते आज सगळ्यांत धोक्यात असलेला भाग हाच आहे. ‘नाथ हा माझा’ जपायला शेकडो गायक आहेत. ‘सौभद्रा’तली साधी साकी जुन्या वळणाने म्हणणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर आधी त्यांच्याकडे जा.

मोबाइलने स्कॅन केलं तर चालेल का?

आज रात्री काहीच नाही त्यापेक्षा मोबाइलचे फोटो हजार पटींनी बरे. पण स्कॅनरचं ॲप वापरू नका, साधा कॅमेरा वापरा. ॲप पान ‘स्वच्छ’ करतं, म्हणजे मागची पार्श्वभूमी पांढरी आणि अक्षर काळं. त्यात फिकट पेन्सिलीच्या खुणा पुसल्या जातात आणि बिंदू तर धूळ समजून काढून टाकले जातात. बिंदू गेला की सप्तक गेलं हे वर सांगितलंच आहे.

कायमच्या जतनासाठी रंगीत स्कॅन हवा, निदान 400 पीपीआय (दर इंचाला 400 ठिपके), बारीक अक्षर असेल तर 600, आणि फाइल टिफ स्वरूपात. ए-4 आकाराचं पान 400 पीपीआयला सुमारे 46 एमबी होतं, म्हणजे शंभर पानांची वही साडेचार जीबीच्या आसपास. बघायला आणि पाठवायला त्यावरून जेपेग किंवा पीडीएफ काढावेत. पानाच्या कडा दिसू द्या, कापू नका. कोरी पानं आणि मुखपृष्ठही स्कॅन करा. शेजारी मोजपट्टी आणि रंगांची पट्टी ठेवा. बांधणी घट्ट असेल तर वही दाबून सपाट करू नका. दोन्ही बाजूंना आधार देऊन नव्वद-शंभर अंशांतच उघडा आणि वरून कॅमेऱ्याने घ्या.

प्रती तीन हव्यात, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. हार्ड डिस्क कपाटात ठेवून विसरू नका. वर्षातून एकदा लावून फाइली उघडून बघा.

सगळं नोटेशन नीट टाइप करून घेतलं तर मूळ वही ठेवायची गरज काय?

टाइप केलेलं नोटेशन वापरायला उत्तम, पुरावा म्हणून अपुरं. वहीत काय असतं ते बघा. शाईने लिहिलेला मुखडा, त्यावर पेन्सिलीने बदललेला एक स्वर, समासात ‘दुसऱ्या वेळी तान नको’ किंवा ‘इथे थांबणे’, वर पट्टी (गाण्याचा मूळ सूर) खोडून लिहिलेली दुसरी पट्टी. शाई एका काळची, पेन्सिल दुसऱ्या. बहुधा नट बदलला, आवाज उतरला, किंवा वन्स मोअरच्या सवयीने पद लांबलं. टाइप करणारा यातलं शेवटचं रूप ‘बरोबर’ म्हणून उचलतो आणि मधला सगळा इतिहास नाहीसा होतो. प्रेक्षकांसमोर पद कसं घडत गेलं हे या खोडाखोडीत आहे, आणि दुसरीकडे कुठेही नाही.

तांत्रिक अडचणही आहे. देवनागरी स्वरलिपी वाचणारं भरवशाचं यंत्र अजून नाही. युनिकोडमध्ये कोमलासाठी अनुदात्ताची खालची रेघ, तीव्रासाठी उदात्ताची वरची उभी रेघ आणि मंद्रासाठी नुक्ता वापरून भातखंडे पद्धत बरीचशी लिहिता येते. पण मात्रेच्या कमानी, कणस्वर (स्वराला लागून येणारा ओझरता स्वर) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) यांचं काय करायचं हा प्रश्न उरतो, आणि फॉन्ट बदलला की खुणा सरकतात. म्हणून टाइप केलेल्या प्रत्येक पदासोबत मूळ पानाचं चित्र आणि तुम्ही वापरलेल्या खुणांचा तक्ता ठेवाच.

यादी कशी करावी? ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर लागेल का?

साधी स्प्रेडशीट पुरते. एक ओळ एका पदाला द्या, वहीला नाही. त्यात नाटक, अंक आणि प्रवेश, पात्र, पदाची पहिली ओळ, राग, ताल, चाल, पट्टी, लेखनपद्धत, हस्ताक्षर कुणाचं, पान क्रमांक, कागदाची अवस्था आणि वही कुठून आली हे यावं. पानांना क्रमांक मऊ पेन्सिलीने, वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

एक शिस्त मात्र मोडू नका. वहीत जे लिहिलंय ते एका रकान्यात जसंच्या तसं, आणि तुमचं मत शेजारच्या रकान्यात. वहीत ताल ‘त्रिवट’ लिहिलाय, तुम्ही तीनताल म्हणता, दोन्ही ठेवा. रागाच्या नावांत तर हे रोज होतं, कारण नाट्यपदात रागाची चौकट सैल असते आणि पेटीवाल्याने आपल्याला वाटेल ते नाव लिहिलेलं असतं. त्याची ‘चूक’ दुरुस्त केली तर त्या काळी लोक कशाला काय म्हणत हे कळायचा मार्ग बंद होतो.

हिशेबाच्या वह्या आणि हँडबिलंही निघालीत. संगीताशी संबंध नाही, टाकून देऊ?

टाकू नका. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. अशा खेळांची तारीख, गाव, नटसंच ठरतो तो जाहिरातींवरून आणि हँडबिलांवरून. हिशेबाच्या वहीत सारंगीवाल्याचा पगार आला की त्या वर्षी मंडळीत सारंगी होती हे सिद्ध होतं, आणि मग पदांच्या वहीतली रिकामी जागा कोण भरत असे तेही उमगतं. हिशेब मोडीत असतील तर घाबरू नका, मोडी वाचणारे आजही भेटतात.

जुन्या ध्वनिमुद्रिका यूट्यूबवर आहेत. मग वह्यांचा एवढा अट्टाहास का?

78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं बसत. रंगमंचावर तेच पद वन्स मोअर घेत कितीतरी लांबत असे. तबकडीसाठी ते कापून, लय वाढवून म्हटलं जायचं. शिवाय जुन्या तबकड्या नेमक्या 78 च्याच वेगाने भरलेल्या नसत. वेग चुकला की आजच्या डिजिटल प्रतीत पट्टी वर किंवा खाली सरकते, आणि त्याबरोबर आवाजाचा पोतही. अशा वेळी वहीत ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ अशी पेटीवरची पट्टी लिहिलेली सापडली तर तबकडीचा वेग लावायला आधार मिळतो. नट तबकडीसाठी पट्टी बदलतही असत, म्हणून याला पक्का पुरावा समजू नये. पण वही आणि तबकडी एकमेकींना तपासतात, आणि दोन्ही समोर ठेवून बसलं की जे कळतं ते एकीतून कधीच कळत नाही.

जुन्या कलाकारांकडून माहिती घ्यायची तर कशी?

त्यांना ‘आठवणी सांगा’ म्हणू नका, वही समोर ठेवा. पानावर बोट ठेवून ‘ही खूण काय?’ असं विचारलं की माणूस गाऊनच दाखवतो. प्रत्येक वेळी पान क्रमांक मोठ्याने उच्चारा म्हणजे नंतर ध्वनी आणि पान जुळवता येतं. मूळ वही हाताळायची नसेल तर मोठ्या आकाराची रंगीत छापील प्रत न्या, म्हातारपणी बारीक अक्षर दिसत नाही. ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्‌झ आणि 24 बिटवर करावं. तंबोरा किंवा पेटी लावून घ्या आणि सुरुवातीला सा कुठला ते सांगून टाका. तबलजीलाही बोलवा. नाट्यपदाचा अर्धा जीव ठेक्यात आहे आणि वह्यांत ठेक्याविषयी सहसा तालाच्या नावापलीकडे एक अक्षर नसतं.

परवानगी लेखी घ्या: काय जपायचं, काय लोकांना ऐकवायचं, काय घरापुरतं ठेवायचं.

हे सगळं इंटरनेटवर टाकलं तर कॉपीराइटचं काय?

भारतात साहित्य, नाटक आणि संगीतरचना यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. पद म्हणजे दोन गोष्टी, शब्द आणि चाल, आणि दोघांचा हिशेब वेगळा. ‘मानापमाना’चे शब्द खाडिलकरांचे, ते 1948 मध्ये गेले, म्हणून हक्क 2008 अखेर संपला. चाली टेंब्यांच्या, ते 1955 मध्ये गेले, म्हणून 1 जानेवारी 2016 पासून त्याही खुल्या. मास्तर कृष्णराव 1974 मध्ये गेले, त्यांच्या चाली 2034 अखेरपर्यंत संरक्षित. जितेंद्र अभिषेकी 1998 मध्ये गेले, म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’च्या त्यांच्या चालींना 2058 अखेरपर्यंत वारसांची परवानगी लागेल.

वही तुमच्या मालकीची आहे म्हणून त्यातल्या रचनेचा हक्क तुमचा होत नाही. जतनासाठी मात्र मार्ग आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर, कागदी प्रत जवळ असलेल्या आणि नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला तिची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. जगासमोर मांडणं ही पुढची पायरी, तिथे वारसांशी बोला. बहुतेक घरं आनंदाने हो म्हणतात.

मी अमेरिकेत असतो. आजोबांच्या वह्या इकडे घेऊन येऊ का?

आधी वय बघा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोलाचं हस्तलिखित 75 वर्षांपेक्षा जुनं असलं तर ते पुरावस्तूत मोडतं आणि खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. 1920-30 मधली वही यात येऊ शकते. उत्तम स्कॅन न्या, मूळ वही इथे सुरक्षित जागी ठेवा. तिकडे जन्मलेल्या नातवंडांना आजोबांचं अक्षर बघायला आणि पद शिकायला स्कॅन पुरेसा आहे.

संग्रह संस्थेला द्यावा का, आणि कुठल्या?

घरात पुढच्या पिढीला त्यात रस नसेल तर द्यावा. देण्याआधी स्वतः जाऊन बघा. छत गळतं का, यादी कोण करतं, मागच्या वर्षी आलेला संग्रह आज मागितला तर दाखवू शकतात का. नाव मोठं असण्यापेक्षा हे महत्त्वाचं. पुण्याच्या भारत गायन समाजासारख्या संगीताच्या जुन्या संस्था, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबई मराठी साहित्य संघ, दिल्लीची संगीत नाटक अकादमी, संगीताच्या ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्रामचं एथनोम्युझिकॉलॉजीचं अभिलेखागार, अशा ठिकाणी चौकशी करता येते. कोण काय स्वीकारतं ते आधी विचारून घ्या.

लेखी दानपत्र करा. त्यात यादी जोडा, संग्रह फोडून वेगवेगळा करू नये असं लिहा, स्कॅनची एक प्रत तुम्हाला मिळावी असं लिहा. पदांच्या वह्या एकीकडे आणि फोटो दुसरीकडे गेले की दोन्ही मुके होतात.

गोव्यातल्या तियात्राच्या, म्हणजे कोकणी संगीत नाटकाच्या, बँडचे कागद आमच्याकडे आहेत. त्यांना हेच नियम लागू का?

कागदाचे सगळे नियम तेच, वाचायचे नियम वेगळे. पहिला तियात्र 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. गोव्यात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य लेखन शिकवलं जात असल्यामुळे तियात्राचे वादक पाच रेघांवर लिहिलेले कागद वाचत आले आहेत. शब्द रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत असतात. इथे प्रत्येक वाद्याचा कागद सुटा असतो: ट्रम्पेटचा वेगळा, सॅक्सोफोनचा वेगळा. सुटे कागद म्हणजे हरवायला सोपे, म्हणून प्रत्येक कांताराचे (तियात्रातल्या गाण्याचे) सगळे कागद एकाच पाकिटात ठेवा आणि पाकिटावर कुठल्या वाद्याचा कागद नाही तेही लिहा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचे स्वर कागदावर एका पट्टीत आणि कानाला दुसऱ्या पट्टीत येतात, म्हणून यादीत वाद्याचं नाव न चुकता हवं. पणजीत गोव्याचं पुराभिलेखागार आहे आणि तियात्र अकादमीही आहे. पहिली चौकशी तिथे करा.

एखादं पद कुठल्याच नाटकात सापडत नाही. काय लिहू?

‘नाटक अज्ञात’ लिहा आणि पहिली ओळ पूर्ण लिहा. मग छापील पदावल्यांत शोधा, आणि फक्त गाजलेल्या नाटकांच्या नको. मंडळ्यांनी दहा-वीस प्रयोगांत बंद केलेली नाटकंही छापली गेली होती. शब्द जुळले नाहीत तर चाल जुळते का बघा. दुसऱ्या पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून तीच ओळ दिलेली असते, आणि त्यावरून निदान कुठल्या वर्षाआधी हे पद प्रसिद्ध होतं ते ठरतं. एवढं करूनही लागलं नाही तर ते पान गाणाऱ्यांना पाठवा, ओळ मोठ्या अक्षरात टाइप करून, स्वर आणि पानाचा फोटो जोडून.